पंच्याण्णव आणि चार

सुनील छेत्री भारताच्या संघातून बाहेर पडला तेव्हा त्याच्या नावावर १५७ सामन्यांत ९५ गोल होते. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये याहून जास्त गोल करणारे तिघेच : पोर्तुगालचा क्रिस्तियानो रोनाल्डो, अर्जेंटिनाचा लिओनेल मेस्सी आणि इराणचा अली दाई. ज्या देशाच्या पुरुष संघानं एकदाही विश्वचषक खेळलेला नाही, त्या देशाचा खेळाडू या पंगतीत बसला.

या एका आकड्यावरून माझ्या घरातल्या दोन माणसांचं जमत नाही. जळगावचे माझे मोठे बंधू, आमचे दादा, आयुष्यभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. लहानपणी भुसावळला मामांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहून तिथल्या मैदानावर फुटबॉल खेळलेले. आमची भाची धुळ्यात एका शाळेत पीटी शिकवते आणि मुलींचा फुटबॉल संघ बांधते आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती जळगावला आली की दोघांची गाठ पडते. हा वाद अनेक बैठकींत झाला आहे. त्यातलं पुन्हापुन्हा आलेलं गाळून उरलेलं इथे मांडतो. जिथं मला राहवलं नाही तिथं मीही बोललो आहे.

दादा : त्या माणसाबद्दल मला आदर आहे, हे आधी मांडून ठेव. वीस वर्षं देशाची जर्सी घालणं सोपं नाही. पण टीव्हीवर त्याचं नाव मेस्सीच्या शेजारी लिहितात ते मला पटत नाही. मेस्सीनं २०२२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्सविरुद्ध दोन गोल केले. छेत्रीचे गोल कुणाविरुद्ध आहेत? नेपाळ, मालदीव, बांगलादेश, पाकिस्तान, अफगाणिस्तान. रावेर-सावद्याची केळी आपण क्विंटलनं विकतो. नगावर कोणी भाव करत नाही. गोलांचंही वजनच बघायला हवं.

भाची : बघू की. पण मामा, मग काटा सगळ्यांना एकच लावा. रोनाल्डोनं एकट्या लक्झेंबर्गविरुद्ध अकरा गोल केलेत. ते तुम्ही वजा केलेत का कधी?

दादा : त्याचे बाकीचे आहेत ना स्पेनविरुद्ध!

भाची : बाकीचे आहेत, कारण पोर्तुगाल स्पेनशी खेळतो. २०१८ च्या विश्वचषकात त्यानं स्पेनविरुद्ध तीन मारले, बरोबर. भारताला स्पेनशी खेळायला बोलावतं कोण? मार्च २०१५ मध्ये आपण फिफाच्या यादीत १७३ व्या क्रमांकावर होतो. त्या संघाच्या सेंटर फॉरवर्डला नेपाळ आणि मालदीव हे काही हलके प्रतिस्पर्धी नव्हते, बरोबरीचे होते. पोर्तुगालला लक्झेंबर्गविरुद्ध पाच-सहा गोल करायची सवय आहे. आपल्याला मालदीवविरुद्ध एक गोल करतानाही घाम फुटतो. रोनाल्डोला चेंडू कोण देतं आणि छेत्रीला कोण देत होतं, हेही त्याच काट्यावर ठेवा.

दादा : म्हणजे संघ कमकुवत, म्हणून गोलाची किंमत जास्त?

भाची : गोल करणाऱ्याची मेहनत जास्त, एवढंच म्हणते. आणि मोठे संघ समोर आले तेव्हा तो लपून बसला, असंही झालेलं नाही. २०११ चा आशियाई चषक, दोहा. आपण बहारीनकडून ५-२ हरलो आणि दक्षिण कोरियाकडून ४-१. दोन्ही सामन्यांत त्याचा गोल आहे. त्या स्पर्धेला आपण गेलो कसे? २००८ मध्ये दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर एएफसी चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात ताजिकिस्तानला ४-१ हरवून. त्या चारांतले तीन त्याचे. त्यातून आशियाई चषकाचं दार उघडलं. त्याआधी आपण तिथं शेवटचे खेळलो ते १९८४ मध्ये.

दादा : आणि २०२४ च्या जानेवारीत कतारला?

भाची : एकही गोल नाही. ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३, सीरियाकडून ०-१. ते मी नाकारत नाही.

इथं दादा थोडे थांबले. त्यांना हवी असलेली कबुली मिळाली होती, पण त्यांना छेत्रीला खाली ओढायचं नव्हतं. दुसऱ्या कुणाला तरी वर आणायचं होतं. त्यांचं खरं प्रेम तिथं आहे.

दादा : आता मी तुला चार गोल सांगतो. फक्त चार. १९५६, मेलबर्न ऑलिम्पिक. पहिल्या फेरीत आपल्यासमोर हंगेरी होती, ती स्पर्धेतून बाहेर पडली आणि आपल्याला पुढे चाल मिळाली. १ डिसेंबरला उपांत्यपूर्व सामना, समोर यजमान ऑस्ट्रेलिया, त्यांचंच मैदान, त्यांचेच प्रेक्षक. आपण ४-२ नं जिंकलो. चारांतले तीन गोल नेव्हिल डिसूझाचे. गोवेकर घरातला, मुंबईत वाढलेला आपला पोरगा. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई. चौथा गोल किट्टूचा.

भाची : मग युगोस्लाव्हिया.

दादा : हो, उपांत्य फेरीत युगोस्लाव्हिया. चारच वर्षांपूर्वी, १९५२ च्या हेलसिंकीत याच युगोस्लाव्हियानं आपल्याला १०-१ असं हाणलं होतं. आपली बरीचशी पोरं तेव्हा अनवाणी खेळली होती. आणि मेलबर्नला मध्यंतराला ०-० आणि मध्यंतरानंतर पहिला गोल कुणाचा? नेव्हिलचा! काही मिनिटं भारत १-० नं पुढं होता, ऑलिम्पिकच्या उपांत्य सामन्यात, त्या युगोस्लाव्हियाविरुद्ध. पुढं ४-१ हरलो. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाकडून ३-० हरलो आणि चौथे आलो. पण ऑलिम्पिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोचलेला तो पहिला आशियाई देश. आणि पूर्ण स्पर्धेत सर्वाधिक गोल किती? चार. युगोस्लाव्हियाचा व्हेसेलिनोविच, बल्गेरियाचा मिलानोव आणि आपला नेव्हिल, तिघं बरोबरीत. आता सांग, पंच्याण्णवांच्या पारड्यात हे चार टाकले तर काटा कुठं झुकतो?

मला वाटतं, नेव्हिल डिसूझाचं नाव जळगाव-धुळ्यात तर सोडाच, मुंबईतही शंभरातल्या पाच जणांना ठाऊक नसेल. १९८० मध्ये, वयाची पन्नाशीही न गाठता तो गेला. कूपरेज मैदानावर ज्यांनी त्याला खेळताना पाहिलं ती पिढीही आता सरली. छेत्रीचा प्रत्येक गोल मोबाइलवर सापडतो. नेव्हिलची हॅटट्रिक आपल्याकडे कुणाच्या डोळ्यांसमोर नाही. आकड्यांच्या तुलनेत हा फरक कधीच धरला जात नाही, पण माणसाची कीर्ती ठरते ती त्यावरच. कुस्तीगीर खाशाबा जाधवांच्या हेलसिंकीच्या कांस्यपदकाची कदर व्हायला जसा उशीर झाला, तसा नेव्हिलच्या नावाला तर अजून मुहूर्तही लागलेला नाही.

भाची : नेव्हिलचं मोठेपण मी कशाला नाकारू? मी मुलींना त्याच्याबद्दल सांगते. पण तुमच्याच गणितानं जाते. नेव्हिलला भारतासाठी किती सामने मिळाले?

दादा : फार नाहीत.

भाची : तेच तर. त्या काळी आपल्यासाठी मोठ्या स्पर्धा दोनच, ऑलिम्पिक आणि आशियाई खेळ, आणि दोन्ही चार-चार वर्षांनी. १९५० च्या विश्वचषकात आपल्याला जागा मिळालेली होती आणि आपला संघ ब्राझीलला गेलाच नाही. तेव्हा भारताचा संघ आशियात पहिल्या ओळीतला. १९५१ मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांत इराणला १-० हरवून सुवर्ण, तो गोल साहू मेवालालचा. १९६२ ला जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ हरवून पुन्हा सुवर्ण, पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग. एवढा तगडा संघ आणि त्याला सामनेच नाहीत. मेलबर्नला युगोस्लाव्हियाला पहिला धक्का देणाऱ्या माणसाला वर्षाला दहा सामने मिळाले असते तर त्याचे गोल किती झाले असते, हे तुम्हीच काढा. चार हा आकडा नेव्हिलचा नाही मामा. त्याला जेवढं मैदान दिलं गेलं त्याचा तो आकडा आहे.

दादा : आणि पंच्याण्णव?

भाची : तोही. छेत्रीला १५७ वेळा मैदान मिळालं, म्हणून आपल्याला कळलं की तो काय करू शकतो. नेव्हिलचं कळलंच नाही.

दादांनी यावर लगेच काही उत्तर दिलं नाही. गणिताच्या माणसाला भागाकार नाकारता येत नाही. पेलेचे ९२ सामन्यांत ७७, पुश्कासचे हंगेरीसाठी ८५ सामन्यांत ८४, छेत्रीचे १५७ मध्ये ९५ : छेद बदलला की आकड्याचं रूप बदलतं, हे त्यांनी वर्गात हजारदा सांगितलेलं असणार. पण ते हरले असं कोणी समजू नये. त्यांनी दुसरी बाजू काढली, आणि ती मला जास्त टोचली.

दादा : ठीक. छेत्रीला मैदान मिळालं, त्यानं त्याचं सोनं केलं. पण वीस वर्षांत दुसरा कोण तयार झाला? बायचुंग भुतिया, विजयन हे त्याच्या आधीचे. त्याच्या बरोबर आणि नंतर आलेल्यांपैकी एकानं तरी त्याच्या निम्मे गोल केलेत का? ६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध तो शेवटचा सामना खेळला, ०-० सुटला, देशभर डोळे पुसून झाले. आणि नऊ महिन्यांत त्याला परत बोलवावं लागलं! चाळिशी ओलांडलेल्या माणसाला. मार्च २०२५ ला शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध त्यानं ९५ वा गोल केला, तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. मला वाईट वाटलं. एवढ्या मोठ्या देशाला चाळीस वर्षांच्या माणसाचं डोकं लागतं चेंडू जाळ्यात घालायला?

भाची : त्याची लाज त्याला कशाला? त्या हंगामात इंडियन सुपर लीगमध्ये त्यानं १४ गोल केले, भारतीयांत सर्वांत जास्त. परत बोलावला तो उपकार म्हणून नव्हे.

दादा : त्याला लाज नाहीच, आपल्याला आहे. आणि परत बोलावूनही काय झालं? ऑक्टोबर २०२५ ला मडगावात सिंगापूरकडून २-१ हरलो आणि २०२७ च्या आशियाई चषकाचा रस्ता बंद. एका माणसाच्या आकड्याकडे बघत बसलो की मागं रिकामं घर दिसत नाही. तोच त्या विक्रमाचा तोटा.

भाची : घर रिकामं का, तेही सांगा मग. क्लबांना जिंकायचं असतं, ते गोल करायच्या जागेवर परदेशी खेळाडू घेतात. भारतीय पोरगा बाजूला, नाहीतर मागं. छेत्री स्वतः बंगळुरू क्लबकडून कितीतरी वेळा विंगवर खेळलाय. गोल करण्याची जागाच मिळाली नाही तर गोल करणारा कुठून येईल? हे पुन्हा तिथंच येतं मामा : खेळायला मिळणं.

मी इथं मध्ये पडलो, कारण २०१८ चा जून मला आठवत होता. छेत्रीच्या कारकिर्दीतला महाराष्ट्राशी जोडलेला सर्वांत मोठा आठवडा तो आहे आणि वाद गोलांवरून पुढं नेताना प्रेक्षक विसरले जात होते.

१ जून २०१८. अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरीनात इंटरकॉन्टिनेंटल चषकाचा पहिला सामना. भारतानं चिनी तैपेईला ५-० हरवलं, छेत्रीनं हॅटट्रिक केली, आणि ती पाहायला मैदानात होते २,५६९ लोक. मुंबईसारख्या शहरात! दुसऱ्या दिवशी त्यानं मोबाइलवर एक साधं चित्रण करून लोकांपुढं ठेवलं. शिव्या द्या, टीका करा, पण या, आम्हाला खेळताना बघा, अशा अर्थाचं ते आर्जव होतं. ४ जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना. तिकिटं संपली. आणि मुंबईचा तो पहिला मोठा पाऊस. मैदानात ठिकठिकाणी पाणी साचलेलं, चेंडू मारला की दहा फुटांवर जाऊन पाण्यात बसायचा, पास देणं अशक्य. पहिला अर्धा वेळ गोल नाही. मग ६८ व्या मिनिटाला पेनल्टी, त्यावर छेत्रीचा गोल, त्याचा सहकारी जेजेचा एक, आणि अगदी शेवटी पुढं आलेल्या गोलरक्षकाच्या डोक्यावरून छेत्रीनं चेंडू अलगद उचलून टाकला. ३-०. भिजलेले लोक जागचे हलले नाहीत.

१० जूनला पुन्हा केनिया, अंतिम सामना. यातला दुसरा गोल मी पुन्हापुन्हा पाहिला आहे. आपल्या अर्ध्यातून अनस एडाथोडिकानं लांब चेंडू उचलला. छेत्रीच्या पाठीला बचावपटू चिकटलेला. त्यानं चेंडू छातीवर घेतला, तो खाली पडायच्या आत अंग वळवलं आणि डाव्या पायानं जाळ्यात मारला. उंची पाच फूट सात इंच, समोर केनियाचे धिप्पाड बचावपटू. ताकदीनं तो त्यांना हरवू शकत नव्हता. चेंडू कुठं पडणार हे त्याला त्यांच्याआधी कळत होतं, एवढंच. त्या दिवशी त्याचे ६४ गोल झाले आणि तेव्हा मेस्सीचेही तेवढेच होते. पुढच्या जानेवारीत अबुधाबीला थायलंडविरुद्ध दोन केले, ४-१ नं जिंकलो आणि काही काळ तो मेस्सीच्या पुढं गेला.

दादा : अंधेरीचा तो गोल चांगला होता, मान्य.

भाची : चांगला? मी मुलींना तो थांबवून-थांबवून दाखवते. छाती कुठं, पाय कुठं, नजर कुठं.

दादा : तुझ्या मुलींना छेत्री माहीत आहे?

भाची : छेत्री माहीत आहे. बाला देवी मी सांगेपर्यंत माहीत नव्हती. मणिपूरची. भारताच्या महिला संघासाठी पन्नासच्या वर गोल केलेत. २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबानं तिला घेतलं, युरोपात व्यावसायिक फुटबॉल खेळायला गेलेली पहिली भारतीय महिला. आणि तुम्ही मघापासून रोनाल्डो, मेस्सी करताय ना, देशासाठी सर्वाधिक गोल त्या दोघांचे नाहीतच. ते कॅनडाच्या क्रिस्टीन सिंक्लेअरचे आहेत. १९० गोल.

दादा : एकशे नव्वद?

भाची : एकशे नव्वद. आणि तिथंही तुम्ही विचारणार, कुणाविरुद्ध?

दादा : नाही विचारत. सामने किती ते विचारतो.

भाची : तीनशेच्या वर.

दादांनी मान हलवली. मग त्यांनी असा प्रश्न विचारला की वादाची गाडी रुळावरून उतरून आमच्या अंगणात आली.

दादा : तुझ्या पोरी वर्षाला किती सामने खेळतात?

भाची : गेल्या हंगामात? स्पर्धेतला एक.

दादा : एक?

भाची : शालेय स्पर्धा बाद पद्धतीची असते. पहिल्याच सामन्यात हरलो, घरी. पावसाळ्यात स्पर्धा लागते. आपली काळी माती तुम्हाला माहीत आहे, उन्हाळ्यात हाताएवढ्या भेगा, पावसात बुटाला किलोभर चिखल. फक्कीच्या रेषा मध्यंतरापर्यंत वाहून गेल्या होत्या, रेफरी अंदाजानं आउट देत होते. आमची सेंटर फॉरवर्ड आठवीतली, शेतमजुराची मुलगी, दहा महिने रोज सकाळी सहाला मैदानावर. तिच्या पायाशी त्या सामन्यात चेंडू नीट दोनदा आला. एकदा चिखलात अडकला, एकदा बारवरून गेला. झालं तिचं वर्ष. आता छेत्रीशी तिची तुलना करा बरं. तिचा आकडा शून्य. एक सामना, शून्य गोल. यावरून ती कशी खेळाडू आहे हे कुणाला कळलं?

या प्रश्नावर आम्ही दोघंही गप्प होतो. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरही सामने झाले. त्याआधी १५ सप्टेंबरला राज्यभरातल्या शाळांत एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा सरकारी उपक्रम झाला, शाळाशाळांना चेंडू मिळाले. उपक्रम चांगला होता, मी त्याची थट्टा करणार नाही. त्याच विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, आणि कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंगनं केलेला गोल हा फिफाच्या विश्वचषकातला भारताचा पहिला गोल ठरला. पण कोल्हापुरातून अनिकेत येतो आणि खानदेशातून कोणी येत नाही, याचं कारण त्या एका दिवसात किंवा त्या चेंडूंत शोधून सापडणार नाही. कोल्हापुरात तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियमवर हंगामभर सामने असतात, हजारो माणसं बघायला येतात. तिथलं पोरगं हरलं तरी काही दिवसांनी पुन्हा मैदानात उतरतं. आमच्याकडे कबड्डी आणि कुस्तीला तो मान आहे, म्हणून त्या खेळांत आमची पोरं दिसतात. फुटबॉलमध्ये आमच्या पोरांना हरायचीसुद्धा पुरेशी संधी मिळत नाही.

दादांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर आकडेमोड सुरू केली. निवृत्तीनंतरही खिशाला पेन असतं.

दादा : समज, जिल्ह्यातल्या १६ शाळा आल्या. बाद पद्धतीनं एकूण सामने १५. त्यातल्या ८ शाळांचा हंगाम पहिल्याच दिवशी संपला. अंतिम फेरी गाठणाऱ्या दोन संघांनाही चारच सामने. आता चार-चारचे चार गट कर. प्रत्येक संघाला निदान तीन सामने. गटातले २४, उपांत्य दोन, अंतिम एक. एकूण २७. बारा सामने जास्त, पण रिकाम्या हातानं एका सामन्यात घरी कोणी जात नाही. दोन-दोन शाळा एकमेकींकडे जाऊन खेळल्या तर मैदानही दोन लागतील, खर्च एसटीच्या तिकिटांचा.

भाची : आठ-आठचे दोन गट केले तर?

दादा : प्रत्येकीला सात. गटांचे ५६. पण मग पावसाळ्यात बसणार नाही. दिवाळीनंतर घ्यावं लागेल, नोव्हेंबर ते जानेवारी. तेव्हा जमीनही चांगली असते.

भाची : सात सामने मिळाले तर माझी ती पोरगी गोल करेल मामा. पाच तरी करेल.

दादा : करेल. पण एक सांगतो, नेव्हिल मोठा तो मोठाच. ऑस्ट्रेलियाला त्यांच्या मैदानात तीन मारणं म्हणजे...

भाची : ते तुमचं तुमच्याजवळ. मी छेत्रीचीच.

तेव्हापासून दोघंही आपापल्या जागी आहेत. माझं मत विचाराल तर मी भाचीच्या बाजूला थोडा जास्त झुकतो. छेत्रीचे ९५ गोल बहुतेक लहान संघांविरुद्ध झाले, हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. पण १२ जून २००५ ला क्वेट्टात पाकिस्तानविरुद्ध पहिल्याच सामन्यात गोल करणाऱ्या त्या वीस वर्षांच्या मुलानं पुढची वीस वर्षं स्वतःला ढिलं पडू दिलं नाही. सामना मालदीवशी असो की कोरियाशी, तो तेवढ्याच तयारीनं उतरला. १५७ सामन्यांत हे सांभाळणं हा वेगळ्या जातीचा पराक्रम आहे आणि २०२१ मध्ये खेलरत्न मिळवणारा पहिला फुटबॉलपटू तो ठरला, ते योग्यच झालं. दादांचा नेव्हिल मात्र माझ्या मनातून जात नाही. ज्यानं तीन सामन्यांत चार गोल केले त्याला आणखी शंभर सामने मिळाले असते तर आज आपण कुणाचा विक्रम मोजत बसलो असतो, याचं उत्तर आता कधीच मिळणार नाही. ते उत्तर घालवलं आपण, नेव्हिलनं नव्हे.

जळगाव आणि धुळ्यातल्या मुख्याध्यापकांना, पीटीच्या शिक्षकांना आणि जिल्ह्यांच्या फुटबॉल संघटकांना म्हणून एक विनंती आहे. सरकारी स्पर्धेची पद्धत बदलेल तेव्हा बदलेल. येत्या दिवाळीनंतर जवळपासच्या आठ शाळा एकत्र या, मुलांची आणि मुलींची वेगळी साखळी लावा, प्रत्येक शनिवारी एक सामना ठेवा. कोणी किती गोल केले ते एका वहीत लिहून ठेवा. मैदान, फक्की आणि दोन चेंडू एवढ्यावर हे होतं. धुळ्याच्या शाळेची वही भाची घालणार आहे, आणि जळगावच्या सामन्यांचं वेळापत्रक करून द्यायला दादा तयार आहेत.